दोन पाकळ्यांची झडप आणि फुगलेली महारोहिणी



हृदयाच्या शस्त्रक्रियेवर कामगार संघटनेत काम करणाऱ्या माणसाने बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आम्ही डॉक्टर नाही. आमची शाळा लवकर सुटली, आणि पुढे जे वाचले ते सार्वजनिक वाचनालयात बसून व जाणत्यांना प्रश्न विचारून. परंतु युनियनच्या कचेरीत पगाराच्या आणि बडतर्फीच्या तक्रारी येतात तशा रुग्णालयाच्या फायलीही येतात. "भाऊ, ह्यात काय लिहिलंय ते सांगा," असे म्हणून कामगार ती समोर ठेवतो. त्या फायली वाचायला शिकणे हा आमच्या कामाचाच एक भाग होऊन बसला. त्यांतल्या एका दुखण्याविषयी आज बोलायचे आहे, कारण त्यात माणसाचा जीव वाचणे वा जाणे हे पुष्कळदा एका साध्या मापावर अवलंबून असते.

कारखान्यात राबलेल्या प्रत्येकाला दुरुस्तीचे दोन प्रकार ठाऊक असतात. यंत्र मोडून पडल्यावर धावाधाव करून करायची ती एक. आणि यंत्र चालू असतानाच माप घेऊन, दिवस ठरवून, मुद्दाम बंद ठेवून करायची ती दुसरी. ज्या शस्त्रक्रियेविषयी आम्ही सांगणार आहोत ती दुसऱ्या प्रकारात बसली तर रुग्ण बहुधा चालत घरी जातो. पहिल्या प्रकारात गेली तर त्याची शाश्वती राहत नाही.

प्रथम यंत्र समजून घेऊ. हृदय हा एक पंप आहे. तो मिनिटाला सत्तर-बहात्तर वेळा, म्हणजे दिवसाला सुमारे एक लाख वेळा चालतो आणि विश्रांतीच्या वेळीही मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलतो. त्याच्या डाव्या खालच्या कप्प्यातून जी मोठी नळी निघते तिला महारोहिणी म्हणतात. मोठ्या माणसात आरंभी तिची रुंदी तीन सेंटिमीटरच्या आसपास असते. कप्प्यातून बाहेर गेलेले रक्त परत मागे येऊ नये म्हणून नळीच्या तोंडाशी एक झडप असते. या झडपेला तीन पाकळ्या असतात. हृदय आकुंचन पावले की त्या उघडतात, सैल झाले की मिटतात. दिवसाला एक लाख वेळा उघडणारी आणि सत्तर-ऐंशी वर्षे तेल-पाण्यावाचून चालणारी दुसरी झडप कोणत्याही गिरणीत आम्ही पाहिलेली नाही.

काही माणसांत गर्भावस्थेतच ही घडण चुकते. तीनपैकी दोन पाकळ्या एकमेकींना चिकटून राहतात आणि मूल दोन पाकळ्यांची झडप घेऊन जन्माला येते. (शाळेच्या पुस्तकात 'द्विदल झडप' म्हणून जी शिकवतात ती वेगळी. ती हृदयाच्या आत, डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांच्या मधे असते आणि तिला दोन पाकळ्या असणे हेच स्वाभाविक आहे.) आम्ही सांगतो ती खोड शंभरांत एक ते दोन माणसांत आढळते. जन्मजात हृदयदोषांत हिच्याइतका सर्रास दुसरा दोष नाही, आणि तो स्त्रियांपेक्षा पुरुषांत अधिक दिसतो. कॅनडातील प्रसिद्ध वैद्य विल्यम ऑस्लर यांनी १८८६ सालीच या झडपेवर लेख लिहून तिचे धोके दाखवले होते.

या दोषाची मोठी लबाडी म्हणजे तो बोलत नाही. मूल खेळते, तरुण कुस्ती करतो, पोती उचलतो, त्याला काही जाणवत नाही. पण दोन पाकळ्यांवर ताण विषम पडतो. वर्षानुवर्षे घासून त्या जाड होतात, त्यांच्यावर चुना साठतो आणि ज्या वयात त्रिदल झडपेला काही होत नाही त्या चाळिशी-पन्नाशीत ही झडप ताठ होऊन पुरती उघडेनाशी होते. मग जिना चढताना धाप लागते, छातीत दुखते, एखादे वेळी चक्कर येऊन माणूस कोसळतो. काहींत उलटे होते. झडप पुरती मिटत नाही, रक्त मागे गळते आणि कप्पा फुगत जातो. शिवाय अशा झडपेवर रक्तातील जंतू लवकर ठाण मांडतात. किडलेल्या दातांतून ते रक्तात शिरतात. म्हणून तंबाखू-मिशरीने हिरड्या खराब करून घेणाऱ्याने आपल्या हृदयाचाही विचार करावा.

परंतु झडपेहून अधिक कपटी आहे ती तिच्यापुढची नळी. या माणसांपैकी पुष्कळांची महारोहिणी हळूहळू रुंद होत जाते. त्याची दोन कारणे सांगतात. एक असे की, ज्या जडणघडणीत झडप चुकली तीतच नळीची भिंतही कमकुवत झालेली असते. दुसरे असे की, दोन पाकळ्यांच्या फटीतून रक्ताची धार सरळ न जाता तिरकी जाऊन भिंतीच्या एकाच बाजूवर आपटते. झडपेच्या मागे रक्ताचे भोवरे होतात आणि ते पाकळ्या मिटायला मदत करतात, हे लिओनार्दो दा विंची याने १५१३ च्या सुमारास चित्रे काढून मांडले होते. प्रवाह बिघडला की भिंतीला त्रास होतो हे पाटबंधाऱ्याच्या कालव्यावर काम केलेला माणूसही सांगेल.

नळी रुंद झाली तर बिघडले कुठे, असे कोणी विचारील. बॉयलर बांधणाऱ्याला हा प्रश्न पडणार नाही. आतला दाब तोच असला तरी ढोलाचा व्यास जितका मोठा तितका त्याच्या पत्र्यावरचा ताण जास्त, म्हणून मोठ्या ढोलाला जाड पत्रा लागतो. महारोहिणीत नेमके उलटे घडते. ती रुंद होते तसतशी भिंत जाड न होता पातळ व कमकुवत होत जाते. म्हणजे ताण वाढतो आणि तो सोसणारी शक्ती घटते. या फुगवट्याला वैद्यकात धमनीविस्फार म्हणतात.

महारोहिणीची भिंत तीन थरांची असते, गोधडीसारखी. एखाद्या दिवशी आतला थर चिरतो आणि दाबाखालचे रक्त थरांच्या मधे घुसून ते उसवीत पुढे जाते. छातीत किंवा पाठीत एकाएकी, काही फाटावे अशी जबरदस्त कळ येते. हृदयाजवळच्या भागात असे फाटले आणि उपचार झाला नाही, तर पहिल्या दोन दिवसांत तासागणिक शेकडा एक ते दोन रुग्ण दगावतात असा सर्वमान्य हिशेब आहे. कित्येकदा ही कळ गॅसची किंवा उसण भरल्याची म्हणून चोळली जाते. कधी हृदयविकाराचा झटका समजून गुठळी विरघळवणारे औषध दिले जाते, आणि तेच घातक ठरते. सीटी स्कॅन केल्यावर खरे काय ते कळते. म्हणून ज्याला आपली झडप दोन पाकळ्यांची आहे हे ठाऊक आहे त्याने अशा वेळी दवाखान्यात पाऊल टाकताच ते सांगितले पाहिजे.

येथे कोणी घाबरून जाऊ नये. दोन पाकळ्यांची झडप असलेल्या बहुसंख्य माणसांची महारोहिणी कधीच फाटत नाही. कोणाची फाटण्याच्या वाटेवर आहे ते मापाने कळते, आणि त्यावर इलाज आहे. तो इलाज कसा साध्य झाला ही हकीकत आम्हाला फार मोलाची वाटते, कारण तीत डॉक्टरांइतकाच वाटा कापड आणि लोखंड जाणणाऱ्यांचा आहे.

धडधडत्या हृदयाला टाका घालता येत नाही, हा पहिला अडसर होता. १९५२ साली वॉशिंग्टनमध्ये चार्ल्स हफनेगल यांनी प्लॅस्टिकच्या चेंडूची झडप बसवली. पण हृदय उघडणे शक्य नसल्याने ती मूळ जागी न बसवता खाली उतरणाऱ्या महारोहिणीत बसवावी लागली. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदय आणि फुप्फुसे या दोहोंचे काम तात्पुरते करणाऱ्या यंत्राच्या आधाराने एका तरुणीच्या हृदयातील छिद्र बंद केले, आणि दार उघडले. १९५६ साली ह्यूस्टनमध्ये डेंटन कूली आणि मायकेल डीबेकी यांनी या यंत्राच्या जोरावर हृदयालगतची फुगलेली महारोहिणी कापून काढली व तेथे मृत माणसाच्या महारोहिणीचा तुकडा जोडला.

मृतांच्या नळ्या किती मिळणार, आणि किती टिकणार? कापडाची नळी करता येईल काय, असे डीबेकी शोधत होते. त्यांच्या आईने त्यांना लहानपणी शिवणकाम शिकवले होते. ते दुकानात नायलॉन आणायला गेले, तेव्हा नायलॉन संपले होते. दुकानदाराने डेक्रॉन नावाचे नवे पॉलिस्टर कापड पुढे केले. ते घरी नेऊन त्यांनी शिवणयंत्रावर नळ्या शिवल्या. पुढे डेक्रॉन शरीरात उत्तम टिकते असे दिसून आले, आणि सांध्यावाचूनच्या नळ्या विणणारी यंत्रे झाली. आजही जगभर माणसांच्या छातीत बसते ती मागावर विणलेली पॉलिस्टरची नळी. इचलकरंजी-भिवंडीच्या माणसांना हे कळले तर त्यांची मान ताठ व्हावी.

झडपेचीही हकीकत अशीच. लोवेल एडवर्ड्स हे निवृत्त अभियंते होते, पंपाच्या कामातले. त्यांना कृत्रिम हृदयच करायचे होते. अल्बर्ट स्टार या तरुण शल्यविशारदाने त्यांना सांगितले की आधी एक झडप तर करू. १९६० साली पोर्टलंडमध्ये त्यांची पिंजऱ्यातल्या चेंडूची झडप हृदयाच्या आत बसली. त्याच वर्षी बोस्टनमध्ये ड्वाइट हार्केन यांनी खुद्द महारोहिणीच्या तोंडाशी अशी झडप बसवली.

आता झडपही मिळाली होती, नळीही मिळाली होती. परंतु जिथे दोन्ही एकदम बिघडलेले तिथे काय करायचे? लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील ह्यू बेंटॉल आणि अँटनी डी बोनो यांनी १९६८ साली आपली रीत प्रसिद्ध केली. त्यांनी झडप नळीच्या तोंडाला शिवून दोहोंचा एकच जोड केला. आपल्याकडच्या फायलींत 'बेंटॉल' हा शब्द दिसतो तो याच शस्त्रक्रियेचे नाव म्हणून.

ती कशी करतात? छातीचे मधले हाड उभे कापून हृदय उघडे करतात. रक्त नळ्यांनी बाहेर यंत्राकडे वळवतात. तिथे त्यात प्राणवायू मिसळून ते शरीरात परत सोडतात. महारोहिणीला चिमटा लावून, पोटॅशियमयुक्त थंड द्रव सोडून हृदय थांबवतात. मग खराब झडप आणि फुगलेली नळी काढून टाकतात. आता एक नाजूक काम उरते. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या झडपेच्या लगेच वर महारोहिणीतूनच फुटतात. त्यांची तोंडे बटणाएवढ्या चकतीसह कापून घेतात, नवा जोड शिवून बसवतात, त्याला दोन भोके पाडतात आणि त्या चकत्या तिथे शिवतात. एक टाका सैल राहिला तर रक्त थांबत नाही. शेवटी हृदय पुन्हा चालू करतात. या साऱ्याला चार-सहा तास लागतात.

प्रत्येकाला सगळेच बदलावे लागते असे नाही. झडप चांगली असेल तर नुसती नळी बदलतात. मुळाशीच फुगवटा असला तरी रुग्णाची स्वतःची झडप राखून भोवती नळी बसवण्याच्या रीती लंडनचे मॅग्डी याकूब आणि टोरांटोचे टायरोन डेव्हिड यांनी रूढ केल्या. डेव्हिड यांची रीत १९९२ साली प्रसिद्ध झाली. तरुण रुग्णाची फुप्फुसाकडे जाणाऱ्या नळीची झडप काढून महारोहिणीला बसवायची, ही डोनाल्ड रॉस यांची १९६७ ची युक्ती निवडक ठिकाणी करतात. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. टाल गोल्सवर्दी हा इंग्रज अभियंता भट्ट्या-बॉयलरांच्या कामातला. त्याला मार्फान नावाच्या जन्मजात विकाराने महारोहिणी फुगण्याचा धोका होता. नळी कापून टाकण्यापेक्षा तिच्या नेमक्या मापाची जाळी करून बाहेरून का गुंडाळू नये, असा विचार त्याने केला. २००४ साली लंडनमध्ये अशी जाळी पहिल्यांदा त्याच्याच महारोहिणीला बसवली गेली. मात्र मांडीतून तार घालून झडप बसवण्याची जी नवी रीत ऐकू येते, तिने फुगलेली नळी दुरुस्त होत नाही, हे ध्यानात ठेवावे.

झडप बदलायची तर कोणती, हा निर्णय रुग्णालाही घ्यावा लागतो, आणि त्यात त्याची मिळकत, गाव व काम ही सारी येतात. धातूची झडप पुष्कळ वर्षे टिकते, पण तिच्यावर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि रक्ताची तपासणी वरचेवर करावी लागते. गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. ज्याच्या हाताला कामावर रोज खरचटते, ज्याच्या तालुक्यात ही तपासणी होत नाही, त्याने हे आधीच डॉक्टरांना सांगावे. मूल हवे असलेल्या स्त्रीने तर सांगावेच, कारण ही गोळी गर्भाला बाधू शकते. गाईच्या हृदयावरणाची किंवा डुकराची झडप घेतली तर गोळीची कटकट बहुधा सुटते, पण दहा-पंधरा वर्षांत, आणि तरुणांत त्याहूनही लवकर, ती झिजते व पुन्हा शस्त्रक्रिया येते. परदेशी झडपेची किंमत गरिबाला झेपत नाही म्हणून तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीचे नमुने फसल्यावरही काम सोडले नाही, आणि डिसेंबर १९९० मध्ये भारतीय बनावटीची चित्रा झडप पहिल्या रुग्णाला बसवली.

आता मापाकडे येऊ. महारोहिणी साडेपाच सेंटिमीटर रुंद झाली की लक्षण असो वा नसो, शस्त्रक्रिया करावी. घरात कोणाची महारोहिणी फाटली असेल, किंवा माप झपाट्याने वाढत असेल, तर पाचलाच विचार करावा. झडपेसाठी छाती उघडायचीच असेल तर साडेचारलाही नळी बदलून घ्यावी. हे आजचे मान्य ठोकताळे आहेत. अनुभवी रुग्णालयात ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत शंभरांत एक ते तीन रुग्ण दगावतात. फाटल्यानंतर केली तर पंधरा ते वीस, कधी त्याहूनही अधिक. दुरुस्तीचे दोन प्रकार आम्ही म्हणालो ते हेच.

माप घ्यायला सोनोग्राफीसारखी, छातीवरून करायची इको तपासणी पुरते. जरूर पडल्यास सीटी स्कॅन. त्याआधी लागतो तो नळी लावून छाती ऐकणारा डॉक्टर. दूषित झडपेचा आवाज पुष्कळदा कानाला कळतो. आणि एकात दोष सापडला की त्याचे आईवडील, भावंडे व मुले यांचीही इको करून घ्यावी, कारण सख्ख्या नातेवाइकांत सुमारे दहांत एकाला हाच दोष असतो.

मग माणसे वेळेवर माप का घेत नाहीत? अडाणीपणामुळे, असे म्हणणे सोपे आहे. आमचा अनुभव वेगळा आहे. एका कारखान्यात माल चढवणारा अडतीस वर्षांचा कामगार. त्याची महारोहिणी चार पूर्णांक आठ दशांश सेंटिमीटर निघाली. डॉक्टरांनी जड उचलू नको असे लिहून दिले. तो कागद त्याने दाखवला तेव्हा व्यवस्थापनाने उत्तर दिले, "उचलता येत नसेल तर घरी बस." त्याने कागद घडी घालून ठेवला आणि दोन वर्षे पोती उचलली. तिसऱ्या वर्षी माप पाच पूर्णांक सहा. सुदैवाने बेंटॉल वेळेत झाली. शस्त्रक्रियेला सहा तास लागले, हाड जुळायला तीन महिने, आणि त्याला भांडारात हलक्या कामावर घ्यायला लावण्यासाठी संघटनेला चौदा महिने.

जड उचलण्याचा प्रश्न बारीकसारीक नाही. १९८५ साली कॅनडातील संशोधकांनी व्यायामपटूंच्या धमनीत थेट दाबमापक घालून मोजणी केली. दोन्ही पायांनी जास्तीत जास्त वजन रेटताना सरासरी रक्तदाब ३२० वर २५० पर्यंत गेला. एरवी तो १२० वर ८० असतो. श्वास कोंडून पोते पाठीवर घेणाऱ्या हमालाच्या महारोहिणीवर काय येत असेल याची कल्पना यावरून करावी. पोत्याचे वजन १०० किलोवरून ५० वर आणा, ही हमालांची जुनी मागणी केवळ कमरेसाठी नव्हती, तिच्यात छातीचाही प्रश्न होता.

खर्चाविषयी एक शब्द. हृदयाची मोठी शस्त्रक्रिया श्रीमंतांच्या रुग्णालयातच होते हा समज काढून टाकावा. आशियातले पहिले हृदयारोपण १६ फेब्रुवारी १९६८ रोजी डॉ. पी. के. सेन यांनी मुंबई महापालिकेच्या के. ई. एम. रुग्णालयात केले. तो रुग्ण वाचला नाही, पण सार्वजनिक रुग्णालयाची हिंमत आणि कुवत दिसली. महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांचे नाव असलेल्या आरोग्य योजनेत झडपेच्या शस्त्रक्रिया येतात. फाईल घेऊन घरी बसण्यापूर्वी त्या योजनेच्या आरोग्यमित्राला गाठावे.

ज्या डीबेकींनी नळी शिवली, त्यांची स्वतःची महारोहिणी २००५ च्या अखेरच्या दिवशी, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी फाटली. आरंभी त्यांनाही तो हृदयविकाराचा झटकाच वाटला. फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांनीच रूढ केलेली शस्त्रक्रिया त्यांच्यावर झाली आणि ते २००८ पर्यंत जगले. सत्त्याण्णव वर्षांच्या वृद्धाला जे मिळू शकते ते अडतीस वर्षांच्या हमालाला मिळू नये, याला वैद्यकाची मर्यादा म्हणता येणार नाही.

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत, आणि त्या प्रत्येक संघटनेने करारनाम्यात घालाव्या. कामगारांच्या वार्षिक तपासणीत छाती खरोखर ऐकली जावी आणि आवाज आढळल्यास इको मालकाच्या खर्चाने व्हावी. ज्याची महारोहिणी रुंद आहे त्याला पगार न कापता हलके काम मिळावे, म्हणजे तो कागद लपवणार नाही. आणि शस्त्रक्रियेनंतर त्याची जागा राखली जावी. शल्यविशारदांनी आपले काम केले आहे, विणकराने आणि लोहाराने आपले केले आहे. माप वेळेवर घेतले जाईल आणि ते सांगायला माणूस भिणार नाही, एवढी व्यवस्था करणे हे आपले काम उरले आहे.